चौथ्या पिनेवरची लाल खूण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही, दोन पेग झाल्यावरही नाही — आणि दोन पेगनंतर मी काय काय बोलतो हे साकीनाक्याच्या अर्ध्या इंडस्ट्रियल इस्टेटीला माहीत आहे. देवासमोर उभा राहिलो तरी एवढं सोडून बाकीचं बोलायचो. आता सांगतो. आताच का? दमलो म्हणून. दुसरं एखादं बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचं काम आहे. छोट्या गाळ्यांची वायरिंग, पॅनल, मशीनचे प्लग-सॉकेट. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, वडील घरात बसले, आणि मी शाळा सोडून एका वायरमनच्या मागे टूलबॅग वाहायला लागलो. कोणी मला काही दिलं नाही. जे मिळवलं ते हातांनी आणि तोंडाने. हातांपेक्षा तोंडानेच जास्त, खरं सांगायचं तर. भाव करणं ही माझी विद्या. समोरच्याने आकडा सांगितला की मी हसतो. दुसरा सांगितला की गप्प बसतो. आणि शेवटी उठतो — बॅग उचलायची, चप्पल घालायची, दरवाज्यापर्यंत जायचं. मागे वळायचं नाही. दरवाज्यात हाक येतेच. ती हाक म्हणजे माझा भाव.

हे एवढं लांबण लावतोय, कारण त्या उठण्यातूनच सगळं सुरू झालं. की मी पुन्हा माझीच बाजू आधी मांडतोय? तेही असेल. सवय आहे.

दिनेश माझा मेव्हणा. नंदाचा — माझ्या बायकोचा — धाकटा भाऊ. वायरमन म्हणून मीच त्याला धंद्यात आणला, पण हात त्याचा माझ्याहून चांगला निघाला. तोंडाळ, चेष्टेखोर, कामावर मोठ्याने गाणारा. गाळ्यातल्या बायका त्याला चहा पाजायच्या आणि मला बिल विचारायच्या. एकच खोट होती — विसराळू. इतका की डबा कुठल्या साइटवर राहिला ते आठवेना म्हणून नंदाने त्याला डबा देणंच बंद केलं. कुठला स्क्रू आवळला, कुठला राहिला, हेही त्याच्या लक्षात राहायचं नाही. त्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने एक युक्ती काढली होती — नेलपॉलिश.

हसू नका. आमच्या लाइनीत पुष्कळ जण करतात. स्क्रू पूर्ण आवळला, तार एकदा ओढून पाहिली, की त्यावर रंगाची खूण करायची. कोणी पेंट वापरतं, कोणी मार्कर. दिनेशने बहिणीची लाल नेलपॉलिशची बाटली ढापली होती. नंदा ओरडायची, "अरे, ती मी लग्नाला लावायची म्हणून आणलेली!" हा म्हणायचा, "ताई, तुझ्या नखांपेक्षा माझे स्क्रू जास्त नटलेत." प्रत्येक टर्मिनलवर खूण, आणि झाकण लावल्यावर बाहेरच्या स्क्रूवर एक. मला म्हणायचा, "भावोजी, माझं डोकं म्हणजे चाळणी. खूण आहे म्हणजे मी केलं. खूण नाही म्हणजे राहिलं. मी डोक्याला विचारतच नाही, खुणेला विचारतो."

हे त्याने मला सांगितलं होतं. मला. विश्वासाने.

आता तो उठण्याचा प्रसंग. साकीनाक्याला मसाल्याची पाकिटं भरणारा एक गाळा होता. शेठने नवी मशीनं मागवली होती, सगळ्यांना तीन फेजचे प्लग-सॉकेट बसवायचे होते. मी आणि दिनेश गेलो. तासभर घासाघीस झाली. शेवटी मी उठलो. बॅग उचलली, चप्पल घातली, दरवाज्यात पोचलो. शेठने घसा खाकरला — मला पाठमोऱ्याला ऐकू आलं, तो बोलावणार होता — आणि तेवढ्यात माझा मेव्हणा हसून म्हणाला, "बसा हो भावोजी, शेठ काय परके आहेत? शेठ, आमचे भावोजी वायर कमी आणि भाव जास्त ओढतात. तुम्ही म्हणाल तसं करू."

सगळे हसले. शेठ, त्याचा मॅनेजर, चहावाला. मी परत येऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा दरवाज्यातून, हाक न येता, परत येऊन बसलो.

तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे. मला ते अजून खुपतं. हे लिहितानाही कानशिलं तापतात. शेठच्या भावात काम घेतलं आणि त्याच क्षणी मनात ठरवलं, हा तोटा मी मालातून काढणार. आणि दिनेशला दाखवून देणार की धंदा कोणाचा आहे.

थोडं कामातलं सांगावं लागेल. कारखान्यातला प्लग घरातल्यासारखा नसतो. गोल, जाड, लाल, मनगटाएवढा. मशीनमध्ये नुसती मोटर असेल तर चार पिन पुरतात — तीन फेजच्या, आणि चौथी अर्थिंगची. पण मशीनमध्ये हीटर असेल, कंट्रोल असेल, तर न्यूट्रलही लागतो, म्हणजे करंट परत नेणारी तार, आणि मग पाच पिनचाच प्लग हवा. त्या गाळ्यात बाकीची मशीनं मोटरची होती. एकच वेगळं होतं — पाकिटांची तोंडं गरम करून चिकटवणारं सिलिंग मशीन. त्याला पाच पिन हवा होता. दिनेशने मला दोनदा सांगितलं, "भावोजी, सिलिंगला पाच पिनचा आणा, विसरू नका." मी म्हटलं, आणतो.

आणला नाही. गोडाऊनमध्ये चार पिनचे जुने संच पडून होते.

शनिवारी दिनेशने बाकीची मशीनं संपवली. सिलिंगच्या सॉकेटची पेटी भिंतीवर ठोकली, केबल ओढून ठेवली. दुपारीच तो निघाला — त्याची सासुरवाडी गोराईला, तिथे मेव्हणीचा साखरपुडा होता, बोरिवलीला जाऊन बोट पकडायची होती. जाताना ओरडला, "सिलिंगचं मी येऊन करतो, तुम्ही हात लावू नका!" तेही सगळ्यांसमोर. तुम्ही हात लावू नका. ज्या माणसाने त्याला स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं त्याला.

रविवारी मी एकटा गेलो. इस्टेट बंद होती, वॉचमन दारात भाजी निवडत बसला होता. मी सिलिंगला चार पिनचा जुना प्लग लावला. चौथ्या पिनेवर, जिथे अर्थिंग यायला हवी तिथे, न्यूट्रल चढवला. आणि मशीनच्या आत न्यूट्रल आणि बॉडी यांना बोटभर तुकड्याने जोडून टाकलं.

हा आमच्या धंद्यातला जुना चोरटा रस्ता आहे. मशीन चालतं. झकास चालतं. टेस्टर लावला तर बॉडीवर काही दिसत नाही. न्यूट्रलची तार जागेवर आहे तोवर काहीच होत नाही. पण ती तार सुटली, की करंट हीटरमधून फिरून मशीनच्या सगळ्या पत्र्यावर येतो, आणि मशीन बंद पडल्यासारखं दिसतं. बंद मशीनला कोण घाबरतं? गाळा जुना, गळती पकडून लाइन तोडणारा स्विचही तिथे नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही — कितीतरी पोरांना मी स्वतः सांगितलंय की हे करू नका.

तो जुना प्लग. केबल प्लगात शिरते तिथे तिला घट्ट धरणारी एक पकड असते, म्हणजे केबल ओढली गेली तरी ताण आतल्या तारांवर येत नाही. त्या पकडीचा एक स्क्रू नव्हता. मी एकाच स्क्रूवर भागवलं. तार ओढून पाहिली का? नाही. रागात होतो. घरी जायचं होतं.

आणि मग — इथपर्यंत आलो की मी नेहमी थांबतो. मनात सांगतानाही इथेच थांबायचो.

झाकण लावण्याआधी मला दिनेशची बॅग दिसली. कोपऱ्यात. अर्थातच विसरून गेला होता. मला माहीत होतं, तो सोमवारी-मंगळवारी ती घ्यायला येणार, सिलिंगचा प्लग बघणार, खूण नाही म्हणजे राहिलंय म्हणून उघडणार, चार पिन बघणार आणि सगळ्या गाळ्यासमोर तमाशा करणार. शेठ पुन्हा हसणार. मी बॅगेतून लाल बाटली काढली. चौथ्या पिनेच्या स्क्रूवर एक ठिपका दिला. इतरांवर दिले. झाकण लावून बाहेरच्या स्क्रूवर दिला. फुंकर मारून वाळवला. बाटली जागेवर ठेवली.

मंगळवारी तो आला. मी तिथेच होतो, पॅनलपाशी काहीतरी करत असल्यासारखा. बॅग उचलली, सिलिंगपाशी गेला, झाकणावरची खूण पाहिली आणि डोकं खाजवलं. "आयला, हे केलं होतं होय मी? मला वाटलं राहिलं." माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तोंडाने ‘हो’ म्हणालो नाही, नुसती मान. तो हसला — "जातो तेव्हा डोकं तुमच्याकडे ठेवून जात जाईन" — आणि शीळ घालत गेला.

तेव्हा मला काय वाटलं? जिंकलो असं वाटलं. खोटं कशाला बोलू.

प्लग वर्षाहून जास्त काळ टिकला. मशीन गरम व्हायचं, थरथरायचं, साफसफाईला इकडे-तिकडे सरकवलं जायचं, केबल ओढली जायची. मी विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

शोभाताई त्या मशीनवर होत्या. कांजूरमार्गला राहायच्या, नवरा नव्हता, एक मुलगी. सकाळी मशीन तापेना म्हणून त्यांनी बंद समजून ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. दुसरा हात लोखंडी टेबलावर होता. चिकटल्या. शेजारच्या बाईला सुचलं, तिने मेन स्विच पाडला. नाहीतर — नाहीतर हे मी लिहीत नसतो, किंवा कुठून लिहीत असतो कोण जाणे. त्या वाचल्या. उजवा हात भाजला, त्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. वाचल्या, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं. मेल्या तर नाहीत. माणूस स्वतःशीही कसा भाव करतो बघा.

फोन आला तेव्हा मी जवळच होतो, आधी पोचलो. शोभाताईंना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. मी मेन बंद असल्याची खात्री केली, प्लग उघडला. चौथ्या पिनेतून तार निसटून बाजूला पडली होती. मी ते बघत उभा होतो आणि दिनेश धावत आला. मुलुंडच्या साइटवरून आला होता, अंगावर सिमेंटची धूळ तशीच. माझ्या हातात उघडा प्लग. मागे शेठ, मॅनेजर, बायका.

तो म्हणाला, "भावोजी, हे... हे मी केलंय?"

त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. एक शब्द पुरला असता. नाही — एवढाच. दोन अक्षरं. तुम्हाला वाटेल मी घाबरलो. घाबरलो होतोच. पोलीस, लायसन, धंदा, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते सांगायलाच मी बसलोय. शेठ बघत होता. तोच शेठ, तोच मॅनेजर, तीच जागा. आणि मला ते हसू ऐकू आलं. शपथेवर सांगतो, ऐकू आलं.

मी म्हणालो, "खूण कोणाची आहे?"

बस. एवढंच. सौदा करणारा माणूस खोटं बोलत नाही. तो समोरच्याला बोलायला लावतो. दिनेशने लाल रंग पाहिला. मग मी हलक्या आवाजात, अगदी मोठ्या भावासारखा, पुढचं बोललो — "त्या शनिवारी तुला गोराईची घाई होती ना रे. हाताला लागला तो प्लग लावला असशील."

तो जमिनीवर बसला. तिथेच, मसाल्याच्या गोणीला टेकून. आठवायचा प्रयत्न करत होता, मला दिसत होतं. डोळे मिटून, कपाळावर मूठ मारत. त्याला आठवत नव्हतं. कसं आठवणार? झालंच नव्हतं ते. पण त्याच्या डोक्यात नाही म्हणजे झालं नाही, असा त्याचा हिशेब कधीच नव्हता. तो डोक्याला विचारायचाच नाही. खुणेला विचारायचा. आणि खूण हो म्हणत होती.

शेठ त्याच्यावर धावून गेला. मी मध्ये पडलो. म्हणालो, माझा माणूस आहे, माझी जबाबदारी, हॉस्पिटलचं मी बघतो. बघितलंही. त्या दिवसापासून इस्टेटीत माझं नाव झालं — मेव्हण्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा दिलदार माणूस. पुढे शेठने शेजारच्या दोन गाळ्यांची कामं मला मिळवून दिली. मी घेतली. भावही चांगला लावला.

पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. शेठलाही ते नको होतं. प्लग मीच बदलला, पाच पिनचा लावला, तो बोटभर तुकडा काढला. दिनेशने त्यानंतर वायरला हात लावला नाही, बॅगही माझ्याच गोडाऊनमध्ये टाकून गेला. मी म्हटलं, चल कामावर, होतं असं. तो म्हणाला, "नको भावोजी. माझ्या हाताचं काही खरं नाही." गाणंही बंद झालं. आता मुलुंडला शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी व्हॅनचं प्रत्येक दार तीन-तीनदा ओढून बघतो. पोरं त्याची नक्कल करतात. आणि दर महिन्याला एकदा कांजूरमार्गला शोभाताईंकडे जातो. किराणा भरून देतो, गॅसचा सिलिंडर आत उचलून ठेवतो, मुलीच्या शाळेचं बघतो. शोभाताई त्याला सुरुवातीला दारात उभं करायच्या नाहीत. आता जेवायला वाढतात. त्याने त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं — मीच तो, माझ्यामुळे झालं. त्या माउलीने ते ऐकलं, रडली, आणि कधीतरी माफ केलं. कोणाला माफ केलं तिने? मी मोकळा तो मोकळाच.

मी कधी तिथे गेलो का? एकदा. खालपर्यंत. कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येत होता, त्याचं निमित्त करून परत फिरलो.

आता सगळ्यात लाजिरवाणं सांगतो. इतकी वर्षं मला दिनेशचा रागच येत होता. पस्तावा नाही — राग. का, तर त्याने नीट बघितलं नाही म्हणून. दिनेश ठिपका कधी देतच नसे. तो रेघ मारायचा. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पितळेपर्यंत एक आडवी रेघ, म्हणजे पुढेमागे स्क्रू सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मला ते कधी नीट लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लेखी लाल म्हणजे लाल. मी दिले ते ठिपके, गोल, कुंकवासारखे. पुढे कधीतरी त्याने केलेला दुसऱ्या साइटवरचा एक पॅनल उघडला आणि तिथे रेघा दिसल्या. सगळ्या रेघा. एकही ठिपका नाही. आणि पहिला विचार मनात काय आला? — साल्या, तुझी स्वतःची खूण तुला ओळखता आली नाही? मंगळवारी झाकणावर बघितलंस, नंतर उघड्या प्लगात बघितलंस, तरी कळलं नाही? तुला कळलं असतं तर मी सुटलो असतो!

बघा. त्याच्यावर मी केलेला अन्यायही मी त्याच्याच खात्यावर टाकला.

त्याने नीट पाहिलं नाही, कारण मी जे दाखवलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. दुसरं काही कारण नाही.

मागच्या रविवारी तो जेवायला आला होता. आमच्या मिक्सरच्या प्लगची तार सुटली होती. नंदा सहज म्हणाली, "दिन्या, तेवढी लाव रे." त्याने हात मागे घेतले. अक्षरशः मागे, पाठीशी, चूक केलेल्या पोरासारखे. "नको गं ताई. भावोजींना सांग." मी लावली ती तार. साधा घरातला प्लग, शाळेतलं पोर लावेल असा. तो मला तार लावताना बघत होता. त्या बघण्यात आदर होता. माझ्या हाताबद्दल आदर.

तो गेल्यावर नंदा ताटं उचलत म्हणाली, "तुम्ही एकदा त्याला समजवा ना. त्याची काही चूक नव्हती म्हणून सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. खोटं तर खोटं, पण सांगा."

खोटं तर खोटं. मी हात धुवायला उठलो.

तो जुना प्लग माझ्याकडे आहे. गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये, फडक्यात गुंडाळलेला. भंगारवाला माझ्या दारातच बसतो, पितळेचा चुरासुद्धा मी कधी फुकट जाऊ देत नाही, तरी एवढा विकला नाही. का ठेवला? मला माहीत नाही. काल घरी आणला. झाकण काढलं. रंग काळपट झालाय, पण दिसतो.

उद्या रविवार आहे. दिनेश जेवायला येईल. नंदा वाढायला घेण्याआधी मी हा प्लग त्याच्या पुढ्यात ठेवणार आहे, उघडा, आणि शेजारी त्याच्या बॅगेतली तिची लाल बाटली. नंदा तिथेच असेल. त्यानंतर कांजूरमार्गला जाणार आहे, एकटा, आणि या वेळी जिना चढणार आहे. पुढे काय होईल ते होईल. त्यात घासाघीस करायची नाही.

मी ते केलं. प्लग मी लावला, चौथ्या पिनेवर न्यूट्रल मी चढवला, खूण मी केली, आणि खूण कोणाची आहे असं मीच विचारलं.

दिनेश रेघ मारायचा. हा ठिपका आहे.